रानसुपारीचा वर्षावास

आषाढ पौर्णिमा जवळ आली की आमच्या विहाराबाहेरच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं दिसतं : वर्षावासानिमित्त ग्रंथवाचन, रोज संध्याकाळी सात वाजता, सर्वांनी उपस्थित राहावे. अक्षर दर वर्षी वेगळं, मजकूर तोच. परवा भाजी घेऊन येताना या वर्षीचा फळा दिसला आणि मी पिशवी या हातातून त्या हातात घेत तिथंच थांबले. बिबवेवाडीच्या त्या रस्त्यावर थांबणं सोपं नाही. मागून आलेल्या स्कूटरवाल्यानं शांतपणे विचारलं, "काकू, पाठ करताय का?" मी बाजूला झाले.

वर्षावास म्हणजे पावसाचे तीन महिने. या दिवसांत भिक्खूंनी गावोगाव हिंडायचं नाही, एका जागी राहायचं. ओल्या जमिनीतून नुकतं वर आलेलं गवत, त्यातले किडेमुंग्या पायाखाली चिरडू नयेत म्हणून, असं आमचे बाबा सांगत. बाबा वर्ध्याकडून कारखान्यातल्या नोकरीसाठी पुण्यात आले आणि येरवड्याला एका खोलीत त्यांनी संसार मांडला. वर्षावासात कारखान्यातून आल्यावर हातपाय धुऊन ते वाचायला बसत. आम्ही दोघी बहिणी समोर. मी ऐकत असे आणि ताई कधी एकदा संपतंय याची वाट बघत पायाचे अंगठे हलवत असे. एका जागी बसणं तिच्या अंगातच नव्हतं.

तरी वर्षावास म्हटलं की मला आठवतो तो तिचाच. पाच वर्षं झाली त्याला. आषाढापासून आश्विनापर्यंत ती आमच्या इमारतीच्या मागच्या बोळात बसून होती, आणि तिथं एक झाड वाढवत होती. ते दिवस आठवायला लागले की आधी वास येतो. भिजलेल्या चुन्याचा, शेवाळाचा, कुजत चाललेल्या आंब्याच्या पानांचा. मग खुरप्याचा आवाज. मग ती स्वतः, गुडघ्यावर गोणपाट टाकून बसलेली, पाठमोरी.

ताई येरवड्याच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका होती. तीस वर्षं रेखा मॅडम म्हणजे मैदान, असंच समीकरण होतं. सकाळी साडेसहाला ती मैदानावर उभी असे आणि शाळा सुटल्यावर खो-खोच्या मुलींना घेऊन पुन्हा तिथंच. उन्हानं ती इतकी रापली होती की मानेवर शिट्टीच्या दोरीखालचा पट्टा तेवढा फिका उरला होता. लग्न तिनं केलं होतं, ते चार वर्षांत संपलं. माझं झालंच नाही. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी धरली आणि बाबांनी निवृत्तीनंतर घेतलेल्या बिबवेवाडीच्या तळमजल्यावरच्या घरात राहिले. ताई मात्र येरवड्यालाच, शाळेजवळच्या दोन खोल्यांत. आई-बाबा गेल्यावर मी किती वेळा म्हटलं, इकडे ये. ती म्हणायची, तुझ्या घरापासून मैदान लांब पडतं.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात तिच्या दोन्ही गालांवर लाल चट्टे उठले. मग बोटांचे सांधे सुजले, ताप यायला लागला. उन्हाळा बाधला असेल म्हणून तिनं दोन महिने काढले. पाय सुजून बूट चढेना तेव्हा ती डॉक्टरांकडे गेली. तपासण्या झाल्या आणि आजाराचं नाव कळलं, ल्युपस. शरीर आपलंच आपल्यावर उलटतं, असं डॉक्टरांनी समजावलं. तिच्या मूत्रपिंडांपर्यंत ते पोचलं होतं. औषधं लांबलचक होती. त्यांच्याही आधी पहिली अट होती ती उन्हाची. उन्हात जायचं नाही. ऊन लागलं की आजार भडकतो.

ताईनं विचारलं, "सकाळचं सातचं कोवळं ऊन?"

ते म्हणाले, तेही नको.

मी शेजारीच होते. ती खाली आपल्या कॅनव्हासच्या बुटांकडे बघत होती. लेस सैल सोडली होती, पाय मावावेत म्हणून.

जूनच्या शेवटी तिनं नोकरी सोडली आणि दोन बॅगा घेऊन ती माझ्याकडे आली. मी खिडक्यांना जाड पडदे लावून ठेवले होते. पहिल्या दिवशी ती दारापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून दारापर्यंत चालत राहिली. मी कामावरून आले तर चालतच होती. चोपन्न वर्षांची बाई, आणि पिंजऱ्यात ठेवल्यासारखी. मला ते बघवेना, म्हणून मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाचच भांडी घासली.

आमच्या स्वयंपाकघराला मागं एक दार आहे. ते मी वर्षातून फार तर दोनदा उघडत असे. मागं इमारत आणि कंपाऊंडची भिंत यांच्यामध्ये पाचेक फूट रुंदीचा बोळ आहे. पलीकडच्या आवारातला जुना आंबा भिंतीवरून वाकून त्या बोळावर अख्खा पसरलेला. त्यामुळं तिथं भर दुपारीही संध्याकाळ असे. फुटक्या फरशा, जुन्या टाकीचं झाकण, कुणाचं तरी उखडून टाकलेलं बेसिन, गोगलगायी आणि कुजकी पानं. ताईनं दुसऱ्या दिवशी ते दार उघडलं आणि बराच वेळ उंबऱ्यात उभी राहिली.

"नंदा," ती म्हणाली, "इथं ऊन येत नाही."

नवं मैदान मिळाल्यावर तिचा आवाज जसा व्हायचा, तसा झाला होता.

आठ दिवसांत तिनं बोळ साफ केला. मी कामावर जाताना ती फरशा एकावर एक रचत असायची, परत आले की हातापायाला चिखल लागलेला आणि चेहरा थकलेला पण मोकळा. मी मंडईजवळच्या रोपवाल्याकडून गुलाब आणि शेवंती आणली. तिनं मनापासून लावली. पंधरा दिवसांत गुलाबाची पानं पिवळी पडून गळाली आणि शेवंती उंच, पांढुरकी होऊन आडवी झाली. मला वाईट वाटलं. ती म्हणाली, झाडांची काही चूक नाही, आपण त्यांना चुकीच्या मैदानावर उतरवलं.

श्रावण लागला तेव्हा शालन तिला भेटायला आली. शालन तिची शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजातली मैत्रीण, सावंतवाडीकडच्या एका शाळेत शिकवणारी. एसटीनं रात्रभर प्रवास करून आली होती आणि तिच्या काखेत ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी होतं. सोडलं तर आत झाड. करंगळीएवढ्या जाडीचे दोन हिरवे दांडे, त्यांवर बांबूसारखी कडी, वर चार-पाच पिसासारखी पानं. सुपारीचं बाळ असावं तसं दिसत होतं. शालन म्हणाली, ही रानसुपारी. आमच्याकडे डोंगरात मोठ्या झाडांच्या खाली वाढते. माणसाच्या डोक्याच्या फार वर जात नाही. रानातून उपटून आणलेली नाही, माझ्या परसात बेट झालंय त्यातला फुटवा आहे. पिशवीत मूठभर फळंही होती, लांबट, लालसर.

त्या दिवशी दोघी मैत्रिणी बोळात बसून होत्या. बाहेर पाऊस, आंब्याच्या पानांवरून गळणारं पाणी, आणि शालन सांगत होती तसं मी कॉलेजच्या जुन्या कॅटलॉग कार्डाच्या पाठीवर लिहून घेत होते. ते कार्ड अजून आहे. ओल पाहिजे, पण पाणी साचायला नको. ऊन लागलं तर पान करपतं. माती भुसभुशीत, पालापाचोळा भरपूर. वाऱ्याचा झोत नको. घाई नको. हे शेवटचं शालननं सांगितलं नव्हतं, ताईनं सांगितलं, आणि दोघी हसल्या.

खड्डा खणायला गेलं तर फूटभर खाली इमारत बांधतानाचा सगळा राडारोडा निघाला. विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे. ताईनं तो दोन दिवस बसून वेचला. मी म्हणाले, मजूर बोलावते. तिनं नुसतं माझ्याकडे बघितलं. तळाशी विटांचे बारीक तुकडेच पुन्हा टाकले, पाणी निथळायला, आणि वर आंब्याचा कुजलेला पाला नि माती. झाड बसवताना तिनं मुळांची माती हलू दिली नाही. नंतर दोन्ही हातांनी बुंध्याभोवतीची जमीन दाबली, नवख्या मुलीला रांगेत बसवताना खांदे दाबावेत तशी.

फळांचा गर चोळून काढून बिया तिनं पाण्यात ठेवल्या आणि मग आईस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांना भोकं पाडून पालापाचोळ्याच्या मातीत आडव्या पुरल्या. चौदा बिया होत्या. तीन महिने तरी लागतील, असं शालननं सांगितलं होतं. डबे जिन्याखाली, ओलसर कोपऱ्यात.

महिन्याभरात रानसुपारीच्या पानांची टोकं तपकिरी व्हायला लागली. ताई कासावीस झाली. शालनला फोन लावला, फोटो पाठवले. तिनं विचारलं, पाणी कुठलं घालतेस? बोअरचं, ताई म्हणाली. आमच्या बोअरच्या पाण्यानं बादलीला पांढरा थर बसतो. त्या दिवसापासून दाराशी पिंप आलं आणि रानसुपारीला फक्त पावसाचं पाणी. जुनी पानं सुधारली नाहीत, पण पुढचं नवं पान निघालं ते टोकापर्यंत स्वच्छ होतं. कोवळं असताना त्यावर तांबूस झाक होती. ताईनं ते मला दाखवलं नाही. मी स्वतःहून बघेपर्यंत वाट बघत बसली.

सोसायटीचे सेक्रेटरी लिमये बरोबर आमच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर राहतात. पंचाहत्तरीचे, एकटे, आणि कमी शब्दांत जास्तीत जास्त टोचण्याची कला साधलेले. एका सकाळी ते मागच्या दाराशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "रेखाताई, शेतजमिनीचा दाखला काढलात का?" त्यांच्या मागच्या भिंतीला ओल आली होती आणि ती आमच्या खोदकामामुळं, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या सभेत बोळ भिंतीपासून भिंतीपर्यंत सिमेंटनं बंद करायचा ठराव ते मांडणार होते.

ताईनं खुरपं खाली ठेवलं. म्हणाली, अहो लिमये, आपण जरा इकडे या, चप्पल काढून या, घसराल. ते आले. तिनं काठीनं वर दाखवलं. त्यांच्याच मोरीचा पाइप सांध्यातून फुटला होता आणि पाणी भिंतीवरून झिरपत होतं. एवढे दिवस खाली बसून तिनं ती भिंत मैदानासारखी पाठ केली होती. लिमयांनी मान वर करून बघितलं, "हं" म्हणाले आणि गेले. दोन दिवसांनी प्लंबर आला. चुकलं वगैरे ते काही बोलले नाहीत. पण मग रोज सकाळी मागच्या पायरीवर स्टीलचा एक छोटा डबा दिसायला लागला, धुतलेल्या चहाच्या चोथ्याचा. ताईनं विचारलं तर म्हणाले, फेकायचाच होता.

संध्याकाळी अंधारून आलं की ताई छत्री घेऊन विहारात जायची. लहानपणी वाचन टाळणारी माझी बहीण त्या वर्षी एक दिवस चुकली नाही. बायका म्हणत, आज तुम्ही वाचा. ती उभी राहून वाचायची. बसून वाचायचं असतं, कुणीतरी सांगितलं. ती म्हणाली, दिवसभर बसूनच असते.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला अजून जड जातं.

भाद्रपदात तिला पुन्हा ताप आला. गल्लीतल्या गणपतींचं नुकतंच विसर्जन होऊन रस्ता एकदम शांत झाला होता. ताई दोन दिवस पडून होती. तिसऱ्या दिवशी दुपारी ती झोपलेली असताना तिचा फोन वाजला, मी उचलला. शाळेच्या खो-खो संघाची कप्तान होती, आरती. रविवारी सकाळी आंतरशालेय अंतिम सामना होता. मॅडमनी यावं अशी सगळ्या मुलींची इच्छा होती. गाडी करून न्यायला येतो, मंडपाच्या सावलीत बसवतो, अर्धाच तास, असं ती भराभर सांगत होती. आवाजात आर्जव होतं.

मी म्हणाले, नाही जमणार. डॉक्टरांनी मना केलंय. तिला त्रास देऊ नका.

आणि मी ताईला काही सांगितलं नाही.

विसरले नाही. संध्याकाळी ती उठली, तिनं पेज घेतली, सामने कधी आहेत कोण जाणे, असंही एकदा पुटपुटली, आणि मी ताट उचलून आत गेले. मनाशी म्हणत होते की कळलं तर ही ऐकणार नाही, जाईलच, आणि गेली तर काय होईल. रविवारी सकाळी पाऊस उघडला होता, ऊन लख्ख पडलं होतं. ताई बोळात बसून ओल्या फडक्यानं रानसुपारीचं एकेक पान पुसत होती. मी आतून बघत होते. मला सुटल्यासारखं वाटत होतं, हेही खरंच आहे.

गुरुवारी संध्याकाळी आरती आणि तिच्या दोन मैत्रिणी आल्या. हातात चषक. जिंकल्या होत्या. ताईनं तो दोन्ही हातांनी घेतला. आरती म्हणाली, मॅडम, तुम्ही आला असता तर बरं झालं असतं, पण मावशी म्हणाल्या तुम्हाला बरं नाही.

ताईनं माझ्याकडे बघितलं. एक क्षणच. मग मुलींना म्हणाली, "हो, बरं नव्हतं."

त्यानंतर तासभर ती त्यांच्याशी सामन्याबद्दल बोलत राहिली. कोण कुठं बसली होती, कुणी खो उशिरा दिला, आरती शेवटच्या मिनिटाला खांबाकडे का पळाली. मुली हावभाव करून दाखवत होत्या. मी चहा केला, बिस्किटं ठेवली, आणि ट्रे आरतीला उचलायला सांगितला.

त्या गेल्यावर ताई मागच्या दाराशी जाऊन उभी राहिली. मी म्हणाले, ताई, तुझ्यासाठीच केलं. तिनं उंबऱ्याशी पडलेलं खुरपं उचलून जागेवर ठेवलं. मी म्हणाले, तू गेली असतीस आणि काही झालं असतं तर मी काय केलं असतं? तेव्हा ती वळली. आवाज चढलेला नव्हता. मैदानावर ती ओरडायची, पण खरी रागावली की हळू बोलायची.

"मी कदाचित गेलेही नसते, नंदा. पण नाही म्हणायचं होतं तर ते मी म्हणायचं होतं. उन्हातलं सगळं गेलं माझं. एवढं एक उरलं होतं, तेही तू घेतलंस."

पुढचे नऊ दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. औषध संपलंय. दूध आलं का. मी माफी मागितली. ती म्हणाली, ठीक आहे. ते ठीक नव्हतं, दोघींनाही माहीत होतं. संध्याकाळी ती विहारात जायची, मी घरात बसायचे. त्या नऊ दिवसांत मला कळलं की तिच्या आजाराची माझी भीती किती मोठी झाली होती. ताईपेक्षाही मोठी. मी तिला नव्हते सांभाळत, माझ्या भीतीला सांभाळत होते.

दहाव्या दिवशी पुन्हा फोन. ताई बोळात होती, फोन स्वयंपाकघरात. पडद्यावर आरतीचं नाव. मी तो न उचलता, वाजत असतानाच बाहेर नेला, तिच्या मातीच्या हातात दिला आणि आत आले. दार उघडंच होतं, ऐकू येत होतं. विभागाचे सामने होते, दुसऱ्या शहरात, पुढच्या महिन्यात. ताई बराच वेळ ऐकत होती. मग म्हणाली, "नाही गं येणार मी. झेपणार नाही मला. तू ऐक आता." आणि तिथून पुढं अर्धा तास ती बोलत राहिली. उजवीकडची मुलगी वळताना वजन टाचेवर टाकते, तिला सांग. खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही, हात पाठीला लागू दे, मग उठ. तू घाई करतेस. तुझी घाई सगळ्या संघाला लागते.

फोन ठेवल्यावर ती तशीच बसली होती. खांदे हलत होते. मी गेले नाही. बऱ्याच वेळानं तिनंच हाक मारली, चहा टाकतेस का, म्हणून. त्या रात्री आम्ही एका ताटात जेवलो, लहानपणी जेवायचो तसं.

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपला. विहारात खीर होती. तोवर रानसुपारीच्या बुडातून तिसरा फुटवा वर आला होता, पेन्सिलीएवढा. बिया मात्र अजून मातीतच. त्या कार्तिकात उगवल्या, चौदातल्या पाच. पहिलं पान सलग नसतं, मधोमध चिरलेलं, माशाच्या शेपटीसारखं. ताई रोज सकाळी जिन्याखाली वाकून बघायची आणि मला आकडा सांगायची. तीन. चार. पाच.

मार्गशीर्षात तिची मूत्रपिंडं थकली. दवाखान्यात बारा दिवस गेले. एका दुपारी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं आणि खालच्या आवाजात पुढचं सांगितलं. कुठली नळी घालायची, कुठल्या विभागात हलवायचं, किती आशा आहे. मग म्हणाले, तुम्ही घरचे काय ते ठरवा. मी म्हणाले, ती जागी आहे, तिला विचारा. मी दार उघडून धरलं. ताईनं त्यांना तीन प्रश्न विचारले, तिन्हींची उत्तरं नीट ऐकली, आणि म्हणाली की तिला घरी जायचं आहे.

ती पौषात गेली. घरी, सकाळी, माझ्यासमोर.

रानसुपारी आज माझ्या डोक्याएवढी उंच आहे. सहा दांडे आहेत. गेल्या वर्षी पहिल्यांदा फळं धरली, पानांच्या खाली, दोन ओळींत, नीट बसवल्यासारखी. पाच रोपांतली दोन गेली, दोन माझ्याकडेच कुंड्यांत आहेत. एक शाळेत आहे, मैदानाच्या बाजूला नव्हे, सामानाच्या खोलीमागं, जिथं ऊन येत नाही. आरतीनं स्वतः खड्डा खणला. ती आता शारीरिक शिक्षणाचं कॉलेज करते आणि आली की माझ्याकडे बघण्याआधी मागचं दार उघडते. लिमये ऐंशीचे झाले. सेक्रेटरीपद सोडताना त्यांनी इतिवृत्तात एक ठराव लिहून ठेवला : मागील मोकळ्या जागेत सिमेंटकाम करू नये. कारणाच्या रकान्यात एकच शब्द आहे, झाड. कुणी विरोध केला नाही. केला असता तर लिमयांशी बोलावं लागलं असतं.

माणसं मला विचारतात, सावलीत काय लावावं, घराच्या मागं ओल असते, काही जगत नाही. मी त्यांना सांगते सगळं. पाला, निथळणारी माती, पावसाचं पाणी. सांगताना माझ्या डोळ्यांसमोर मात्र वेगळाच दिवस असतो.

दवाखान्यातून आणल्यानंतरचा तो नववा दिवस. दुपारचे चार वाजत आले होते. एरवी ऊन न येणाऱ्या त्या बोळात थंडीत मात्र येतं. सूर्य खाली उतरतो आणि दोन इमारतींच्या फटीतून, आंब्याच्या फांद्यांखालून, उन्हाचा एक पट्टा आत शिरतो. अर्ध्या तासाचा खेळ. ताईच्या हे कार्तिकातच लक्षात आलं होतं आणि रानसुपारीचं पान करपू नये म्हणून तिनं हिरवी जाळी बांधून घेतली होती.

तिची खाट मी मागच्या दाराशी आणली होती. ती म्हणाली, मला बाहेर बसव. मी खुर्ची जाळीच्या आत, झाडाशेजारी ठेवली, रोजच्यासारखी. तिनं मान हलवली. बोट दाखवलं ते जाळीच्या अलीकडे, जिथं जमिनीवर ऊन पडलं होतं तिथं.

मी उभी राहिले. जाड पडदे, छत्र्या, पूर्ण बाह्यांचे कपडे, सहा महिन्यांचं नको-नको, सगळं तोंडाशी आलं. मी एवढंच विचारलं, "नक्की?"

"हो," ती म्हणाली.

मी खुर्ची तिथं ठेवली आणि तिला उचललं. ती फार हलकी झाली होती. बसल्यावर तिनं आधी चपला काढून पाय पुढं केले. मग ऊन तिच्या मांडीवर आलं, हातांवर आलं, चेहऱ्यावर आलं. तिनं डोळे मिटले. जाळीच्या आत रानसुपारीची पानं सावलीत शांत होती. वर कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली, आणि पुन्हा सगळं निवांत.

"गरम आहे गं," ती म्हणाली.

तिच्या गालांवर लाली चढताना मला दिसत होती. मी शेजारी पायरीवर बसले आणि हात मांडीत धरून ठेवले. थोड्या वेळानं पट्टा सरकायला लागला. आधी तिचा डावा खांदा सावलीत गेला, मग हात.

मी विचारलं, "ताई, खुर्ची सरकवू का?"

"सरकव," ती डोळे न उघडता म्हणाली. "उन्हाकडे."

मी उठले आणि खुर्ची वीतभर उन्हाकडे सरकवली.